इंग्रजीत 'किती' कसं विचारायचं: हाऊ मच, हाऊ मेनी आणि त्यापलीकडचे प्रश्न

पैसे किती, खुर्च्या किती, वय किती, वाजले किती, अंतर किती. मराठीत या पाचही प्रश्नांना 'किती' हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र पाचांची रचना पाच तऱ्हांची होते: 'हाऊ मच', 'हाऊ मेनी', 'हाऊ ओल्ड', 'व्हॉट टाइम', 'हाऊ फार'. मराठी माणसाच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. शब्द येत नसतात असं नाही, पण मनात 'किती' उमटलं की तोंडातून थेट 'हाऊ मच' निघतं. त्यामुळे 'किती'चं भाषांतर करायला जाऊच नये. आधी आपण नेमकं काय विचारतोय ते ठरवावं, मग नाम तपासावं आणि शेवटी क्रियापदाची जागा लावावी.

पहिली पायरी: प्रश्न कोणत्या जातीचा आहे?

'किती'चे प्रश्न तीन जातींत बसतात. काही प्रश्न वस्तूंची संख्या किंवा पदार्थाचं प्रमाण विचारतात. तिथे 'हाऊ मेनी' किंवा 'हाऊ मच' आणि लगेच पुढे नाम. काही प्रश्न एखाद्या गुणाची मात्रा विचारतात, म्हणजे किती लांब, किती उंच, किती जुनं. तिथे 'हाऊ' आणि पुढे विशेषण. तिसऱ्या जातीत मापाचं नावच प्रश्नात असतं: तापमान किती, लोकसंख्या किती, तारीख किती. तिथे 'हाऊ' येतच नाही, 'व्हॉट' येतं.

'हाऊ मच ओल्ड आर यू?' किंवा 'हाऊ मच इज द पॉप्युलेशन?' ही वाक्यं चुकतात ती याच पायरीवर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या जातीचा प्रश्न पहिल्या जातीच्या साच्यात कोंबलेला असतो.

दुसरी पायरी: नाम मोजायचं की मापायचं?

नियम सगळ्यांना पाठ असतो. मोजता येणाऱ्या नामाला 'हाऊ मेनी', न मोजता येणाऱ्याला 'हाऊ मच'. 'हाऊ मेनी चेअर्स', 'हाऊ मच वॉटर'. इथपर्यंत कोणी चुकत नाही. अडचण ही की कोणतं नाम मोजता येतं हे आपण मराठीवरून ठरवतो, आणि दोन्ही भाषांचा हिशेब वेगळा आहे.

'पैसे' घ्या. मराठीत ते अनेकवचन, म्हणून 'हाऊ मेनी मनी' म्हणावंसं वाटतं. इंग्रजीत 'मनी' अगणनीय आहे, म्हणून 'हाऊ मच मनी'. नोटा, नाणी, रुपये, डॉलर मात्र मोजले जातात: 'हाऊ मेनी नोट्स', 'हाऊ मेनी डॉलर्स'. डोक्यावरचे केस मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत 'हेअर' अगणनीय. तांदूळ मराठीत अनेकवचनी, इंग्रजीत 'राइस' अगणनीय. बातम्या आपण एक, दोन, तीन अशा मोजतो, पण 'न्यूज' शेवटी 'एस' असूनही अगणनीय आणि एकवचनी आहे: 'हाऊ मच न्यूज', आणि क्रियापद 'इज'. सल्ले, कामं, सामानाचे डाग हेही आपण मोजतो, पण 'अ‍ॅडव्हाइस', 'वर्क' आणि 'लगेज' मोजता येत नाहीत.

रोजच्या वापरातले आणि हमखास चुकणारे अगणनीय शब्द एकदा पाठच करून टाकावेत: 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'न्यूज', 'मनी', 'वर्क', 'होमवर्क', 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'ट्रॅफिक', 'नॉलेज', 'प्रोग्रेस', 'ब्रेड', 'राइस', 'हेअर'. यांना 'एस' लावू नका आणि यांच्याआधी 'मेनी' आणू नका. पाठांतराला नावं ठेवली जातात, पण इथे तर्क चालत नाही. फर्निचर अगणनीय आणि खुर्ची गणनीय का, याचं उत्तर शोधत बसण्यापेक्षा पंधरा शब्द लक्षात ठेवणं सोपं. शंका आली तर शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा कोशांत नामाच्या शेजारी बहुधा खूण असते: गणनीयाला 'सी', अगणनीयाला 'यू'. दोन्ही असतील तर शब्द दोन्ही प्रकारे चालतो, पण अर्थ बदलतो.

हा अर्थबदल नीट पाहायला हवा. 'हाऊ मच टाइम?' म्हणजे किती वेळ, आणि 'हाऊ मेनी टाइम्स?' म्हणजे किती वेळा. मराठीत वेळ आणि वेळा यांत एका कान्याचा फरक आहे, इंग्रजीत 'मच' आणि 'मेनी'चा. 'हाऊ मच पेपर?' म्हणजे किती कागद, पण 'हाऊ मेनी पेपर्स?' म्हणजे किती वर्तमानपत्रं किंवा परीक्षेचे किती पेपर. 'हाऊ मच ग्लास?' ही काच, 'हाऊ मेनी ग्लासेस?' हे पेले. 'हाऊ मच रूम इज देअर?' म्हणजे जागा किती आहे, 'हाऊ मेनी रूम्स आर देअर?' म्हणजे खोल्या किती आहेत. 'हाऊ मच एक्स्पिरिअन्स' हा कामाचा अनुभव. आयुष्यात आलेले वेगवेगळे अनुभव मोजायचे तर 'एक्स्पिरिअन्सेस'.

अगणनीय वस्तूची संख्याच विचारायची असेल तर मध्ये एकक घालावं, म्हणजे ते एकक मोजलं जातं आणि 'मेनी' चालतं: 'हाऊ मेनी लिटर्स ऑफ वॉटर', 'हाऊ मेनी शीट्स ऑफ पेपर', 'हाऊ मेनी स्लाइसेस ऑफ ब्रेड'. ज्यांना ठरावीक एकक नाही त्यांच्यासाठी 'पीसेस ऑफ' हाताशी ठेवावं: 'हाऊ मेनी पीसेस ऑफ लगेज', 'हाऊ मेनी पीसेस ऑफ फर्निचर'. अनेकवचन एककाचं होतं. 'ऑफ'नंतरचं नाम जसंच्या तसं राहतं.

'मेनी'नंतरचं अनेकवचन का निसटतं

'हाऊ मेनी डे', 'हाऊ मेनी अवर' असं भलेभले बोलून जातात. याचं मूळ मराठीच्या घडणीत आहे. व्यंजनाने संपणाऱ्या आपल्या बऱ्याच पुल्लिंगी नामांचं अनेकवचन एकवचनासारखंच असतं: एक दिवस, चार दिवस, एक तास, चार तास, एक हात, दोन हात. कानाला रूप बदलण्याची सवयच नसते, म्हणून इंग्रजीत 'एस' गळतो. उपाय एकच: 'हाऊ मेनी'च्या पुढचं नाम अनेकवचनातच बोलायचं, उत्तर एक येणार असलं तरी. अनियमित अनेकवचनं वेगळी जपावी लागतात: 'चिल्ड्रेन', 'मेन', 'विमेन', 'फीट', 'टीथ'. 'पीपल' हे आधीच अनेकवचन आहे, म्हणून 'हाऊ मेनी पीपल आर कमिंग?'. 'पर्सन्स' हे रूप सूचनाफलक आणि कायद्याच्या मजकुरात शोभतं, बोलण्यात नाही.

तिसरी पायरी: क्रियापदाची जागा

सर्वांत जास्त मेहनत इथे घ्यावी, कारण नाम बरोबर निवडूनही वाक्य इथे मोडतं. मराठीत विधानाचा प्रश्न करताना शब्दांचा क्रम हलवावा लागत नाही. 'तुझ्याकडे पाच पुस्तकं आहेत' यातल्या 'पाच'च्या जागी 'किती' ठेवलं की प्रश्न तयार. इंग्रजीत 'किती' आणि त्याचं नाम दोघंही जोडीने वाक्याच्या सुरुवातीला येतात आणि साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जातं.

साचा असा: 'हाऊ मेनी' किंवा 'हाऊ मच', मग नाम, मग साहाय्यक क्रियापद, मग कर्ता, मग मुख्य क्रियापद.

'हाऊ मेनी बुक्स डू यू हॅव?' हे बरोबर. 'हाऊ मेनी बुक्स यू हॅव?' यात 'डू' राहिलं. 'हाऊ मेनी डू यू हॅव बुक्स?' यात जोडी तुटली. नाम 'मेनी'पासून कधीच दूर जात नाही. भूतकाळात 'डिड' आलं की मुख्य क्रियापद मूळ रूपात परततं: 'हाऊ मच वॉटर डिड यू ड्रिंक?', इथे 'ड्रँक' नाही. कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असेल तर 'डज' येतं आणि मुख्य क्रियापदाचा 'एस' जातो: 'हाऊ मेनी लेग्ज डज अ स्पायडर हॅव?' उत्तर 8.

आता याला एक महत्त्वाचा अपवाद. 'किती' जेव्हा कर्त्यालाच लागलेलं असतं, तेव्हा 'डू' येत नाही. 'किती लोक आले?' यात येणारे लोकच कर्ता आहेत, म्हणून 'हाऊ मेनी पीपल केम?'. 'तू किती लोकांना ओळखतोस?' यात कर्ता 'तू' आहे, लोक कर्म आहेत, म्हणून 'हाऊ मेनी पीपल डू यू नो?'. तपासायची युक्ती अशी: 'हाऊ मेनी पीपल' म्हणून झाल्यावर वाक्यात 'यू', 'ही', 'दे' असा दुसरा कर्ता यायचा आहे का ते बघा. यायचा असेल तर साहाय्यक क्रियापद लागेल. नसेल तर क्रियापद सरळ लावा. जोर द्यायचा नसताना 'हाऊ मेनी पीपल डिड कम?' म्हणू नये.

अस्तित्वाच्या प्रश्नांना 'इज देअर' किंवा 'आर देअर' लागतं. 'मेनी'सोबत 'आर', 'मच'सोबत 'इज'. 'आठवड्यात किती तास असतात?' म्हणजे 'हाऊ मेनी अवर्स आर देअर इन अ वीक?' उत्तर 168. 'बाटलीत किती पाणी आहे?' म्हणजे 'हाऊ मच वॉटर इज देअर इन द बॉटल?'.

'तुला किती भाऊ आहेत?' या प्रश्नात मराठी 'आहेत' वापरते, म्हणून काही जण 'हाऊ मेनी ब्रदर्स आर यू?' म्हणतात. त्याचा अर्थ भलताच होतो: तुम्ही मिळून किती भाऊ आहात? नाती, मालकी, अवयव, भाग यांसाठी इंग्रजीला 'हॅव' लागतं: 'हाऊ मेनी ब्रदर्स डू यू हॅव?', 'हाऊ मेनी मून्स डज मार्स हॅव?' मंगळाला 2 चंद्र आहेत. जिथे मराठीत 'ला', 'कडे' किंवा 'जवळ' येऊन पुढे 'आहे' येतं, तिथे आधी 'हॅव'चा विचार करावा.

गुणाची मात्रा: 'हाऊ' आणि विशेषण

'हाऊ लाँग', 'हाऊ फार', 'हाऊ ओल्ड', 'हाऊ टॉल', 'हाऊ डीप', 'हाऊ फास्ट', 'हाऊ ऑफन'. या जोड्यांमध्ये 'मच' शिरू देऊ नका. 'मच' फक्त तुलनेत येतं: 'हाऊ मच ओल्डर इज ही?' म्हणजे तो किती वर्षांनी मोठा आहे. 'अजून किती?' हा प्रश्नही याच घरचा, पण तिथे नाम बघावं लागतं: 'हाऊ मेनी मोअर चेअर्स', 'हाऊ मच मोअर टाइम'.

अंतरासाठी 'हाऊ फार', आणि त्यात 'इट' विसरू नये: 'हाऊ फार इज इट?'. ठिकाणाचं नाव घेतलं तर 'इट'ची जागा ते नाव घेतं: 'हाऊ फार इज द मून फ्रॉम द अर्थ?' सरासरी सुमारे 3,84,400 किलोमीटर.

'लागणे' हे आपलं क्रियापद इंग्रजीत 'टेक' होतं, पण कर्त्याच्या जागी 'इट' ठेवून. 'किती वेळ लागतो?' म्हणजे 'हाऊ लाँग डज इट टेक?'. 'तुला किती वेळ लागला?' म्हणजे 'हाऊ लाँग डिड इट टेक यू?'. 'हाऊ मच टाइम इट टेक्स?' हे सर्रास ऐकू येणारं वाक्य 'डज' नसल्यामुळे चुकतं. 'हाऊ मच टाइम डज इट टेक?' व्याकरणाने बरोबर आहे, तरी 'हाऊ लाँग' जास्त सहज.

'हाऊ लाँग'ची दुसरी अडचण काळाची आहे. 'तू किती वेळ वाट बघतोयस?' हे मराठीत वर्तमानकाळी वाक्य. इंग्रजीत पूर्वी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली क्रिया 'हॅव बीन'ने सांगावी लागते: 'हाऊ लाँग हॅव यू बीन वेटिंग?'. नुसता वर्तमानकाळ ठेवला तर अर्थ पुढे सरकतो. 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' म्हणजे इथे एकूण किती दिवस राहणार, आणि 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' म्हणजे येऊन किती दिवस झाले. पाहुण्याला चुकीचा प्रश्न विचारला तर तो 'कधी जाणार?' असा ऐकू जाऊ शकतो, म्हणून ही जोडी मोठ्याने म्हणून पक्की करावी.

'किती वेळा'साठी 'हाऊ मेनी टाइम्स' आणि 'हाऊ ऑफन' दोन्ही आहेत, पण काम वेगळं. झालेल्या घटनांची मोजदाद हवी असेल तर पहिलं: 'हाऊ मेनी टाइम्स हॅव यू रेड इट?'. सवय किंवा ठरलेली वारंवारता हवी असेल तर दुसरं: 'हाऊ ऑफन डू यू रीड?'.

जिथे 'किती' असून 'व्हॉट' लागतं

किती वाजले: 'व्हॉट टाइम इज इट?'. किती वाजता निघतेस: 'व्हॉट टाइम डू यू लीव्ह?'. आज तारीख किती: 'व्हॉट इज द डेट टुडे?'. फोन नंबर किती: 'व्हॉट इज युअर फोन नंबर?'. तापमान, लोकसंख्या, वेग, क्षेत्रफळ, टक्केवारी यांनाही 'व्हॉट इज द' हीच सुरुवात. वजनाला दोन वाटा आहेत: 'व्हॉट इज इट्स वेट?' किंवा क्रियापद वापरून 'हाऊ मच डज इट वे?'. दुसरी वाट बोलण्यात जास्त चालते.

किंमतही अशीच. 'हाऊ मच इज इट?', अनेक वस्तू असल्या तर 'हाऊ मच आर दे?', नाहीतर 'हाऊ मच डज इट कॉस्ट?'. 'प्राइस' हा शब्द आणलात तर 'व्हॉट इज द प्राइस?' म्हणा, कारण 'हाऊ मच'मध्ये किंमत आधीच आलेली असते. 'हाऊ मच आर द टिकिट्स?' हे ऐकून गोंधळू नये. 'टिकिट्स' अनेकवचन असलं तरी प्रश्न संख्येचा नाही, दराचा आहे. 'मच'पुढे लगेच नाम नाही यावरून ते कळतं.

'ऑफ' कधी घालायचं

ठरलेल्या समूहातून किती, किंवा एका वस्तूपैकी किती भाग, असं विचारताना 'ऑफ' लागतं, आणि त्याच्या पुढे 'द', 'माय', 'दीज', 'देम', 'यू' यांपैकी काहीतरी असतंच. 'हाऊ मेनी ऑफ द प्लॅनेट्स हॅव रिंग्ज?' म्हणजे ग्रहांपैकी कितींना कडी आहेत. सूर्यमालेत अशी कडी असलेले ग्रह 4: गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. 'हाऊ मेनी ऑफ प्लॅनेट्स' चुकीचं. 'मच'सोबत 'ऑफ' आलं की गणनीय एकवचनी नामही चालतं, कारण आता एकाच वस्तूचा भाग मापला जातो: 'हाऊ मच ऑफ द बुक हॅव यू रेड?' म्हणजे पुस्तक किती वाचून झालं. 'हाऊ मेनी ऑफ द बुक्स' म्हटलं तर प्रश्न पुस्तकांच्या संख्येचा होतो.

मोठ्या वाक्यात गुंफलेला प्रश्न

अदबीने विचारताना आपण 'सांगू शकाल का', 'तुम्हाला माहीत आहे का' अशी सुरुवात करतो. तशी सुरुवात झाली की आतला प्रश्न पुन्हा विधानाच्या क्रमात जातो. 'हाऊ मेनी चेअर्स आर देअर?' हा सुटा प्रश्न. 'कॅन यू टेल मी हाऊ मेनी चेअर्स देअर आर?' हा गुंफलेला. 'हाऊ मच डज इट कॉस्ट?'चं होतं 'डू यू नो हाऊ मच इट कॉस्ट्स?'. 'डज' जातं आणि 'कॉस्ट'चा 'एस' परत येतो. तिसरी पायरी नीट शिकलेले लोकच इथे घसरतात, कारण त्यांना आता 'डू' घालण्याची सवय लागलेली असते. प्रश्नार्थक उलटापालट पूर्ण वाक्यात एकदाच होते आणि ती 'कॅन यू' किंवा 'डू यू' या सुरुवातीने आधीच वापरलेली असते.

उत्तर देताना

नुसता आकडा पुरतो, पूर्ण वाक्याचा हट्ट नको. आकडा नसेल तर 'मेनी'च्या प्रश्नाला 'अ फ्यू', 'नॉट मेनी', 'नन', आणि 'मच'च्या प्रश्नाला 'अ लिटल', 'नॉट मच', 'नन'. होकारार्थी उत्तरात 'आय हॅव मच मनी' कृत्रिम वाटतं. 'अ लॉट ऑफ मनी' म्हणावं. 'अ' गाळू नये. 'अ फ्यू' म्हणजे थोडे तरी आहेत, नुसतं 'फ्यू' म्हणजे फारसे नाहीत.

'कितवा'चं काय करायचं

'कितवा' या आपल्या शब्दाला इंग्रजीत रूढ असा एक शब्द नाही, म्हणून संदर्भाप्रमाणे प्रश्न नव्याने बांधावा लागतो. यादीतला पर्याय विचारायचा असेल तर 'व्हिच': 'व्हिच फ्लोअर डू यू लिव्ह ऑन?', आणि त्यातलं शेवटचं 'ऑन' सोडू नये. स्पर्धेतला क्रमांक हवा तर 'व्हॉट पोझिशन डिड यू फिनिश इन?'. कितवा वाढदिवस, हे विचारायचं तर सरळ वयावर या: 'हाऊ ओल्ड आर यू टुडे?'. 'लिंकन अमेरिकेचे कितवे राष्ट्राध्यक्ष?' असा प्रश्न आला तर क्रमाऐवजी आधीची संख्या विचारता येते: 'हाऊ मेनी प्रेसिडेंट्स वेअर देअर बिफोर लिंकन?' उत्तर 15 मिळतं, म्हणजे लिंकन सोळावे.